खेकड्याचं तोंड कुणीकडे

कर्नलसाहेबांनी सहाच्या सहा खेकडे परत आणले. औषधाच्या प्लॅस्टिकच्या डबीत, कापसावर मांडून दिले होते तसेच. एकाच्याही अंगावर दाताची खूण नव्हती.

"वाल्मीकराव, मासा आला होता," सोफ्यावर बसता बसता ते म्हणाले. "अंदमानचं पाणी, गुडघाभर खोल आणि काचेसारखं. परातीएवढा मासा. आला, खेकड्यापाशी थांबला, जरा बघितलं आणि आम्हाला शेपूट दाखवून निघून गेला. चार दिवसांत नऊ वेळा! आमच्या पलटणीचा असा अपमान कधी झाला नव्हता."

वाल्मीक गजभिये यांनी डबी हातात घेतली आणि ते खाली मान घालून खेकड्यांकडे बघत राहिले. आपलंच काहीतरी चुकलं असणार, हे त्यांनी डबी उघडण्याआधीच ठरवून टाकलं होतं.

कर्नल महेश घोरपडे मूळचे साताऱ्याकडचे. गुडगावच्या या सोसायटीत ते एकविसाव्या मजल्यावर राहत, आणि वाल्मीकराव मुलाच्या घरी सतराव्या. पोर्ट ब्लेअरला नोकरीवर असताना कुणा परदेशी पाहुण्यानं कर्नलसाहेबांना खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीचा नाद लावला होता. या मासेमारीत गळाला जिवंत आमिष लावत नाहीत. दोरा, पीस, लोकर गुंडाळून गळावरच खोटा किडा किंवा खोटा खेकडा बांधतात, आणि लांब दोरीनं तो माशापुढे टाकतात. पाहुण्यानं दिलेले खेकडे संपले. कर्नलसाहेबांचे हात अलीकडे कापायला लागले होते, चहाचा कप बशीत वाजायचा. मग नोव्हेंबरात एकदा लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही सरकारी ग्रंथालयात पुस्तकं बांधायचात ना? मग खेकडा बांधाल का?"

वाल्मीकरावांनी दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका कार्यालयाच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं पुस्तकं शिवली होती. मेणाचा दोरा त्यांची बोटं आपोआप ओळखायची. शिवाय त्यांना दुसरं कामही नव्हतं. ऑक्टोबरातल्या त्या दिवसापासून ते सोसायटीच्या बाहेर पडले नव्हते.

"रंग बदलून बघा," कर्नलसाहेब म्हणाले. "जास्त गडद झालाय. येत्या गुरुवारी दुपारचं विमान आहे. तीन दिलेत तरी पुरे. डिझाइन तेच ठेवा, मी काढून दिलेलं."

डिझाइन म्हणजे विजेच्या बिलाच्या मागे पेन्सिलीनं काढलेलं चित्र. गळ आडवा. त्याच्या पुढच्या टोकाला दोरी ओवायचं नेढं. नेढ्याकडे खेकड्याचं तोंड, तोंडाच्या दोन्ही बाजूंना नांग्या, पोटाच्या मधोमध शिशाचा जड मणी. खाली लिहिलेलं: 'मुंडकं पुढे.'

वाल्मीकरावांना पहिल्याच दिवशी कळलं होतं की हे चित्र चूक आहे.

भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांधीत, चिखलानं भरलेल्या धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, बिळात हात घालून त्यांनी लहानपणी किती खेकडे काढले असतील त्याला गणती नाही. खेकडा तोंडाकडे चालत नाही, बाजूला पळतो. कोंडीत सापडला की एका कडेवर कलतो, ती कड आधी चिखलात रुतवतो, आणि मग वर नांग्या उगारून बसतो. दोरी ज्या टोकाला बांधायची त्या टोकाला त्याची बगल हवी. तोंड बांधलं तर दोरी ओढल्यावर तो तोंडाच्या दिशेनं चालेल, आणि तसा खेकडा जगाच्या पाठीवर कुठे नसतो.

पण ते बोलले नाहीत. साहेबांना माहीत असेल, समुद्रातले खेकडे वेगळे असतील, असं त्यांनी स्वतःला समजावलं. चौथीत गुरुजींनी फळ्यावर सरळ चालणारा खेकडा काढला होता, तेव्हाही ते बोलले नव्हते. बोलले असते तर 'तुला रे कसं ठाऊक?' असा प्रश्न आला असता, आणि मग घरी काय शिजतं ते साऱ्या वर्गापुढे सांगावं लागलं असतं. तेव्हा दाबलेला शब्द पुढे त्यांच्या अंगवळणी पडून गेला. एकाहत्तराव्या वर्षीही तो घशातच होता.

"गडद आहे खरा," ते म्हणाले. "बघतो."

मंगळवारी सकाळी मुलगा हितेश आणि सून श्रावस्ती कामावर गेल्यावर वाल्मीकरावांनी कापडी पिशवी घेतली, मफलर गुंडाळला आणि ते खाली उतरले. दिल्लीच्या आयएनए मार्केटात जिवंत खेकडे मिळतात. मेट्रो सरळ जाते, कुठे बदलायची नाही. एक खेकडा डोळ्यांनी नीट बघायचा आणि परत यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. 'गेटवर सांगून ठेवलंय, बाबा, एकटे जाऊ नका,' असं हितेशनं ऑक्टोबरात म्हटलं होतं. त्यानंतर चार महिन्यांत त्यांनी एकदाही गेटपर्यंत जाऊन बघितलं नव्हतं. सांगून ठेवलंय म्हणजे नक्की काय, हेही विचारलं नव्हतं.

गेटवरच्या गार्डनं मोबाइलवर बोट फिरवलं. "एक मिनट अंकल जी, रिक्वेस्ट भेज रहा हूँ."

"किसको?"

"हितेश सर को. आपका नाम बच्चों वाली लिस्ट में है ना."

वाल्मीकराव पिशवी छातीशी धरून उभे राहिले. या सोसायटीत लहान मुलं एकटी बाहेर जात असतील, तर आईबापांच्या फोनवर विचारणा जाते आणि त्यांनी हो म्हटलं की गार्ड सोडतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्या यादीत आपण आहोत हे ठाऊक नव्हतं. शेजारी दप्तर अडकवलेली एक दहा-अकरा वर्षांची मुलगी उभी होती, तिला शिकवणीला जायचं होतं. तिचा होकार लगेच आला. जाता जाता तिनं वळून त्यांच्याकडे बघितलं.

"रिजेक्ट आया है," गार्ड हळू आवाजात म्हणाला. त्यालाही बिचाऱ्याला अवघड वाटत होतं. "मीटिंग में होंगे सर."

तेवढ्यात फोन वाजला. "बाबा? गेटवर काय करताय? मी क्लायंट कॉलवर आहे, यार. काय हवंय ते सांगा ना, दहा मिनिटांत घरी येईल."

"खेकडा."

"काय?"

"काही नाही. जातो घरी."

लिफ्टमध्ये आरसा होता. त्यात न बघता ते आकड्यांकडे बघत राहिले. सतरा येईपर्यंत त्यांना ऑक्टोबरातला तो दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवला.

त्या दिवशी ते करोल बागेत दोऱ्याची रिळं आणायला गेले होते. काम अर्ध्या तासात झालं. मग रिक्षा करून ते जुन्या सरकारी क्वार्टरवर गेले. तिथे बायको शैला आणि ते बावीस वर्षं राहिले होते, हितेश तिथेच जन्मला, आणि शैला गेली तीही तिथूनच. क्वार्टर पाडलेले होते. भोवती पत्रे ठोकलेले, आत क्रेन. समोरच्या टपरीवर चहा घेऊन ते बसले. क्रेन हळूहळू फिरायची, थांबायची. फोन कधी बंद पडला ते कळलं नाही. वेळ किती गेला तेही कळलं नाही. घरी पोचले तेव्हा सात तास झाले होते. हितेशचे डोळे लाल होते. दार उघडल्या उघडल्या तो ओरडला होता, "कुठे होतात? रस्ता चुकलात का?"

वाल्मीकरावांनी मान हलवली होती. हो म्हणणं सोपं होतं. सात तास रिकाम्या जागेकडे बघत बसलो होतो, हे सांगायला जीभ उचलली नव्हती.

संध्याकाळी श्रावस्ती कॉलेजातून आली, तेव्हा ते जेवणाच्या टेबलावर छोटा शिकंजा लावून बसले होते. शिकंज्यात गळ धरलेला, आणि हातात काहीच नाही.

"बाबा, हितेश म्हणत होता तुम्हाला खेकडा हवाय," ती बूट काढत म्हणाली. श्रावस्ती नांदेडची, बोलायला मोकळी. "रस्सा करायचा का? मला सांगायचं ना. आमच्याकडे आई असा झणझणीत करते की नाकातून पाणी यायचं."

"खायला नको होता. बघायला."

"बघायला?" ती हसत सुटली. "दिल्लीत खेकडा बघायला निघालात? अच्छा, का?"

मग त्यांनी सांगितलं. बिलामागचं चित्र दाखवलं, बांधीतला खेकडा हातानं करून दाखवला, पंजा टेबलावर आडवा सरकवून. श्रावस्ती हसायची थांबली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं कसा चालतो ते."

"हो."

"मग बघायला कशाला जायचं होतं?"

त्यांनी शिकंजा आणखी आवळला. ती चहा टाकायला आत गेली आणि आतूनच म्हणाली, "तुम्ही पण ना, बाबा. स्वतःच्या डोळ्यांवर सुद्धा दुसऱ्याची सही लागते तुम्हाला."

तिनं ते सहज म्हटलं होतं. गॅसचा आवाज आला, आल्याचा वास आला. वाल्मीकरावांना मात्र ती पुढे काय बोलली ते ऐकू आलं नाही.

बुधवारी सकाळी त्यांनी बांधायला घेतलं. शिशाचे दोन मणी, डमरूसारखे जोडलेले, ते त्यांनी पोटाखालून काढून पार पुढे नेढ्याजवळ नेले आणि दोऱ्यानं आठाच्या आकड्यात घट्ट आवळले. गळाच्या मागच्या बाकाशी कोंबड्याच्या मानेची दोन पिसं उघड्या कात्रीसारखी बांधली. या नांग्या आता एका कडेला गेल्या, दुसऱ्या कडेला वजन. मधल्या दांडीवर वाळूच्या रंगाच्या लोकरीचे तुकडे एकामागोमाग एक आडवे बांधत गेले. प्रत्येक तुकड्याला दोन वेढे, मग बोटानं दाबायचं, मग पुढचा. रबराचे पाय त्यातच अडकवले. लोकर चांगली दाट झाल्यावर बारीक कात्रीनं कातरून त्यांनी तिला गोलट, चपटा आकार दिला. त्यांच्या हातून एक बाजू थोडी जास्त कापली गेली. एरवी त्यांनी सगळं उसवून पुन्हा केलं असतं. शिवणीत एक टाका वाकडा गेला तरी ते पुस्तक पुन्हा शिवायचे. या वेळी त्यांनी तो वाकडेपणा राहू दिला. खऱ्या खेकड्याच्या दोन्ही बाजू सारख्या नसतातच. शेवटी दोऱ्याची गाठ ओढून त्यावर मेणाचा बोळा फिरवला.

मग उरलेले दोन. हात पुढे करून त्यांनी कर्नलसाहेबांचं चित्र जवळ ओढलं, बराच वेळ समोर ठेवलं, आणि उलटं करून त्यावर कात्री ठेवली. तिन्ही खेकडे आडवेच बांधले.

पाच वाजता कर्नलसाहेब आले तेव्हा वाल्मीकरावांनी न्हाणीघरात बादली भरून ठेवली होती.

"हे काय, आंघोळ घालणार का मला?"

"साहेब, बघा जरा." आधी त्यांनी जुना खेकडा दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला. तो पिंपळाच्या पानासारखा हेलकावत, पोटावर सपाट, संथपणे तळाला गेला. दोरा ओढला तर नाकासमोर चालत आला. मग नवा सोडला. तो पाण्यात पडताच एका बाजूला कलला आणि कडेवर तिरका, झपकन खाली गेला. तळाशी कड टेकवून थांबला, पिसांच्या नांग्या वर. दोरा जरा ओढल्यावर बगलेच्या दिशेनं सरकला.

कर्नलसाहेब बादलीवर वाकले होते. त्यांचा हात बादलीच्या काठावर थरथरत होता आणि पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या.

"आयला," ते म्हणाले. "हा पळतोय."

"खेकडा आडवा जातो, साहेब. चित्रात तोंड पुढे होतं."

"तुम्हाला कधी कळलं हे?"

वाल्मीकरावांनी खोटं बोलायचा विचार केला. "नोव्हेंबरात. तुम्ही चित्र दिलंत त्याच दिवशी."

"आणि तोंड शिवलं होतं का तुमचं? मी चार दिवस उन्हात उभा राहून भाजून निघालो, वाल्मीकराव! नाकाची साल निघाली!"

"तुम्ही काढून दिलं होतं."

"अहो, माझ्या चित्रकलेवर कसला भरवसा ठेवता? आमचे जवान म्हणायचे, साहेबांनी रणगाडा काढला की त्याला चारा घालावासा वाटतो. मी चुकीचा नकाशा दिला तर दरीत उतराल का?"

"उतरलो असतो बहुतेक," वाल्मीकराव म्हणाले.

कर्नलसाहेब आधी रागानं बघत राहिले, मग खो खो हसायला लागले. हसता हसता त्यांनी तिन्ही खेकडे डबीत ठेवले. दारात त्यांना काहीतरी आठवलं. "काल गेटवर तुम्हाला अडवलं म्हणे. उद्या माझ्यासोबत गाडीतून चला. नऊला निघतोय. गाडीत बसलेल्याला कुणी विचारत नाही. मेट्रोला सोडतो, हवे तेवढे खेकडे बघा."

"नको, साहेब. गाडीतून नको."

"का हो?"

"नको," ते पुन्हा म्हणाले.

गुरुवारी साडेआठला ते पिशवी न घेताच खाली उतरले. तोच गार्ड होता. त्यानं बोट फिरवलं आणि क्षणात त्याचा चेहरा उजळला. "अप्रूव्ह! जाइए अंकल, जाइए." हितेशनं हो म्हटलं होतं. रात्री जेवताना श्रावस्ती त्याला काहीतरी बोलली होती, त्याचा हा परिणाम असावा. बाजूचं छोटं फाटक उघडं होतं. बाहेर ई-रिक्षा उभी होती, रस्त्यापलीकडे एकजण छोले-कुलचे मांडत होता.

वाल्मीकराव फाटकापर्यंत गेले. मग मागे वळले आणि गेटच्या आतल्या सिमेंटच्या बाकावर येऊन बसले.

"अंकल जी, क्या हुआ?"

"बच्चों वाली लिस्ट ही है ना अभी?"

"हां जी, वो तो है."

"फिर बैठता हूँ."

गार्डला काही कळेना. बाक थंड होता. माणसं बघत जात होती. असं चारचौघांत बसून राहणं त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. उठावं आणि मुकाट्यानं बाहेर जावं, होकार तर आलाच आहे, एवढा तमाशा कशाला, असं त्यांना दर मिनिटाला वाटत होतं. पाय मात्र त्यांनी जमिनीत रोवून ठेवले.

नऊला हितेशची गाडी आली. काच खाली झाली. "बाबा! मी अप्रूव्ह केलं ना. जा ना मग. इथे काय बसलात?"

"माझं नाव मुलांच्या यादीतून काढ."

"काय?"

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. "संध्याकाळी बोलू ना, बाबा, प्लीज."

"संध्याकाळी मी बोलणार नाही. मला माहीत आहे. आत्ताच बोलेन."

मागे दुसरा हॉर्न. हितेशनं चडफडत गाडी बाजूला घेतली आणि तो उतरून आला. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, केस ओले. "तुम्हाला वाटतं मला हे आवडतं? तुम्ही हरवला होतात! सात तास! मी काय करायला हवं होतं?"

"मी हरवलो नव्हतो."

हितेश थांबला.

"मी आपल्या क्वार्टरवर गेलो होतो. पाडून टाकलेत सगळे. समोर चहाच्या टपरीवर बसलो होतो, क्रेन बघत. फोन बंद पडला. रस्ता मला पाठ होता, येताना मी एकटाच आलो की नाही? तू विचारलंस, चुकलात का, मी मान हलवली. तेवढंच झालं."

त्यांना वाटलं होतं, हे सांगितलं की काहीतरी हलकं होईल. तसं झालं नाही. हितेशचा चेहरा उलट आक्रसला.

"तुम्ही तिथे चहा पीत होतात," तो सावकाश म्हणाला. "आणि मी तीन हॉस्पिटलांत गेलो होतो, बाबा. एका ठिकाणी मला चादर वर करून दाखवली. माहीत आहे? कुणीतरी दुसरंच होतं. मी त्या माणसाला हात जोडले, ते तुम्ही नव्हतात म्हणून."

वाल्मीकरावांना हे ठाऊक नव्हतं. चार महिने एका घरात राहून त्यानंही हे सांगितलं नव्हतं. ते बाकाचा काठ धरून बसून राहिले. उठून त्याला जवळ घ्यावं असं वाटलं, पण तेवढं जमलं नाही.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "तेव्हाच सांगायला हवं होतं. तरी यादीतून नाव काढ."

हितेशनं डोळ्यांवरून तळहात फिरवला आणि फोन काढला. बराच वेळ तो अंगठ्यानं शोधत राहिला. "इथे काढायचा ऑप्शनच नाहीये. टाकायचा आहे, काढायचा नाही. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन सांगावं लागेल. दहाला उघडतं."

"मी थांबतो."

"मला साडेनऊला..." तो अर्ध्यावर थांबला. बापाकडे बघितलं, मग घड्याळाकडे. मग ऑफिसात फोन लावून, उशीर होईल, घरचं काम आहे, असं इंग्रजीत सांगितलं आणि बाकावर येऊन बसला. दोघांच्या मध्ये आणखी एक माणूस बसेल एवढी जागा राहिली.

कर्नलसाहेबांची गाडी त्यांच्यासमोरून गेली. मागच्या काचेतून औषधाची डबी धरलेला हात उंच झाला. हितेशनं विचारलं, "काय दाखवतायत ते?"

"खेकडे."

"श्रावस्ती सांगत होती काहीतरी. आडवे की काय." गेटचा दांडा वर झाला, खाली आला. "आईनं मागच्या अंगणात शेवगा लावला होता. तोही पाडला का?"

"ऑक्टोबरात होता. पत्र्यांच्या वरून शेंडा दिसत होता."

"अजून असेल?"

"बघावं लागेल."

गार्ड मोबाइल घेऊन जवळ आला. "सर, अंकल की एक्ज़िट ओपन पड़ी है. टाइम आउट हो जाएगी. कैंसल कर दूँ?"

हितेश वडिलांकडे वळला.

"कर दो," वाल्मीकराव म्हणाले.

ऑफिस उघडायला अजून चाळीस मिनिटं होती.